एका पद्मिनीची नवी वायरिंग: जळक्या स्विचपासून नंबर घातलेल्या हार्नेसपर्यंत

पार्श्वभूमी

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली. मालकांच्या वडिलांनी ती नवी घेतली आणि जवळजवळ तीस वर्षं सांगली जिल्ह्यात चालवली. वडील गेल्यावर ती काही वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. मग मालकांनी ती पुण्याला आणली आणि पत्रेकाम, इंजिन, ब्रेक असं एकेक काम सवडीने करून घेतलं. मी त्यांचा शेजारी. भोसरीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे गाडीच्या विजेचा विषय माझ्याकडे आला. ओळख पटू नये म्हणून मालकांचं नाव देत नाही आणि एक-दोन गावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं लिहितो आहे.

गाडीत मूळचं नसलेलं बरंच काही बसलं होतं. डायनॅमोच्या जागी ४५ अँपिअरचा अल्टरनेटर, हेडलाइटला ६०/५५ वॅटचे एच-फोर बल्ब, रेडिएटरवर विजेचा पंखा, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ धरते म्हणून विजेवर चालणारा पेट्रोल पंप, शिवाय म्युझिक सिस्टीम आणि मोबाइल चार्जर. हे सगळं ज्या वायरिंगवर लटकलं होतं ती मात्र १९८६ चीच होती, जागोजागी ठिगळं लावलेली.

अडचण

जुलैतल्या एका रात्री मालक कुटुंबासह कराडहून पुण्याला येत होते. पाऊस होता, वायपर, हेडलाइट, पंखा सगळं चालू. उंब्रजच्या पुढे डॅशबोर्डखालून जळका वास आला आणि पाठोपाठ धूर. त्यांनी गाडी कडेला घेऊन बॅटरीची टर्मिनल काढली आणि आग टळली. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. पुढचं सगळं काम आम्ही ज्या गांभीर्याने केलं त्याचं कारण ही रात्र.

गाडी टो करून आणल्यावर डॅशबोर्ड उतरवला. हेडलाइटच्या स्विचची मागची बाजू काळी पडली होती, त्याच्या दोन वायरींचं इन्शुलेशन वितळून एकमेकींना चिकटलं होतं. फ्यूज उडाला नव्हता, कारण फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती.

नुसतं पाहून भागणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या, कमी जळलेल्या संपर्कावरून हेडलाइट क्षणभर लावून मोजमाप घेतलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर १०.४. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेतच गायब. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने कमी होतो, त्या हिशेबाने अर्धाच उजेड रस्त्यावर पडत होता. मालक म्हणाले, "मला वाटायचं माझेच डोळे अधू झालेत."

आता हे २.२ व्होल्ट गेले कुठे? बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून डिपरला (लांबचा-जवळचा झोत बदलणाऱ्या स्विचला) आणि मग परत पुढे हेडलाइटला, अशी वाट सुमारे सहा मीटरची. वायर दीड स्क्वेअरची, म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर. दीड स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १२.७ मिलिओहम, सहा मीटरचा ७६. करंट ८ अँपिअरच्या आसपास धरला तर वायरीत ०.६ व्होल्ट जातात. उरलेले १.६ व्होल्ट स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत आणि सांध्यांत जात होते. १.६ गुणिले ८ म्हणजे जवळपास १३ वॅट उष्णता. एवढ्या वॅटची छोटी सोल्डरिंग गन बाजारात मिळते. ती डॅशबोर्डमागे तासन्‌तास चालू ठेवली तर जे होईल तेच झालं होतं. दुखणं वायरीपेक्षा सांध्यांत जास्त होतं, आणि या एका हिशेबाने पुढचा आराखडा ठरला.

मूळ वायरिंगवरची टेप सोलली तेव्हा पिळा मारून टेप गुंडाळलेले ३१ जोड निघाले. टेपचा गोंद काकवीसारखा झाला होता. त्या जोडांना मी नावं ठेवणार नाही. प्रत्येक जोड कुठल्या तरी रात्री, कुठल्या तरी नाक्यावर, अडलेल्या माणसाला घरी पोचवण्यासाठी कुणीतरी मारलेला होता. पण आधीच्या माणसाने काय केलं हे पुढच्याला कळायला काही साधन नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपली एक नवी वायर वरून ओढली.

आणखी एक गोष्ट सापडली. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी जागेवर नव्हतीच. सेल्फ मारताना जाणारा शे-दीडशे अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. केबलचं प्लास्टिक आतून भाजलेलं होतं. दोन वर्षांत ती केबल दोनदा का अडकली, याचा उलगडा तिथे झाला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फक्त जळलेला भाग बदलण्याचा. एका दिवसाचं काम, खर्च नगण्य. गॅरेजवाल्याचा सल्ला हाच होता. पण ३१ पैकी पाच-सहा जोड गेले असते, बाकीचे तसेच राहिले असते.

दुसरा, नाना पेठेतून पद्मिनीचा तयार वायरिंग सेट आणणं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तरी इतक्या वर्षांच्या टॅक्सीधंद्यामुळे या गाडीचे सेट अजून मिळतात. हा पर्याय आम्ही मनापासून तपासला. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असती तर मी हाच घ्यायला सांगितलं असतं. पण या सेटमध्ये हेडलाइटचा सगळा करंट मूळच्यासारखाच स्विचमधून जातो, रिले (कॉइलमधल्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) नाहीत, आणि पंखा-पंपासाठी पुन्हा वरून वायरी ओढाव्या लागल्या असत्या. म्हणजे पहिल्याच दिवशी दोन ठिगळं.

तिसरा पर्याय मालकांच्या भाच्याने सुचवला. रिले-फ्यूज काढून टाकणारं इलेक्ट्रॉनिक पॉवर मॉड्यूल, जे रेसिंगच्या गाड्यांत वापरतात. प्रत्येक सर्किटचा करंट मोबाइलवर दिसतो, मर्यादा सॉफ्टवेअरमधून ठरवता येते. वस्तू उत्तम आहे, माझ्या धंद्यातली असल्याने मला मोहही झाला. पण मी मालकांना एकच विचारलं, "रात्री अकराला साताऱ्याजवळ हे बंद पडलं तर कुणाला उठवायचं?"

चौथा, सगळी वायरिंग कोऱ्या कागदापासून स्वतः करणं, पण कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतील असेच रिले आणि ब्लेड फ्यूज वापरून. वेळ सर्वांत जास्त याला लागणार होता. मालकांनी दोन दिवस विचार करून हा पर्याय घेतला, आणि अट घातली की गाडी ज्याच्या हाती पडेल त्याला वायरिंग वाचता आली पाहिजे.

आराखडा

पहिला आठवडा फक्त कागदावर गेला. आधी भार मांडला: डिपर लाइट (हेडलाइटचा जवळचा झोत) ९ अँपिअर, पार्किंग आणि मीटरचे दिवे ३, पंखा ९, इग्निशन ४, वायपर ४, पेट्रोल पंप २, म्युझिक ४. सगळं एकदम चालू धरलं तर ३५. अल्टरनेटरला चालत्या गाडीत हे झेपतं.

मग प्रत्येक सर्किटची वायर आणि फ्यूज. इथे एक गोष्ट मी मालकांनाही दोन-तीनदा सांगितली: फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. त्यामुळे आधी वायर ठरते, मग तिला झेपेल त्याच्या आतला फ्यूज. हेडलाइटचे रिले बॅटरीजवळ ठेवले, तिथून बल्बपर्यंत अडीच स्क्वेअरची वायर जेमतेम दोन मीटर. मीटरला ७.६ मिलिओहम धरून ९ अँपिअरला ०.१४ व्होल्ट जातात. डॅशबोर्डच्या स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाणार होता, तो एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला दहाचा स्वतंत्र फ्यूज दिला, म्हणजे खंबाटकीत एक बल्ब शॉर्ट झाला तरी दुसरा जळत राहील. या निर्णयात एक भोक राहिलं होतं, ते पुढे सांगतो.

सर्वांत जास्त वेळ पेट्रोल पंपाने घेतला. विजेचा पंप नुसता चावीवर जोडला तर अपघातात इंजिन बंद पडूनही तो पेट्रोल फेकत राहतो. इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे. माझी पहिली आकृती अशी होती: ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याचा जो स्विच इंजिनवर आहे, त्यालाच रिलेची कॉइल जोडायची. प्रेशर नसताना स्विच अर्थ देतो, रिले ओढला जातो आणि ८७-ए चा, म्हणजे एरवी जुळलेला असणारा, संपर्क सुटून पंप बंद. प्रेशर आलं की रिले सुटतो, पंप चालू. सेल्फ मारताना पंपाला डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वेगळी सप्लाय. सुटसुटीत वाटलं, कारण नवा भाग काहीच लागत नव्हता.

त्या रात्री झोपण्याआधी आकृतीतल्या प्रत्येक वायरीवर बोट ठेवून मी विचारत गेलो: ही तुटली तर काय होईल? ऑइल स्विचच्या वायरीवर बोट आलं आणि थांबलं. ती तुटली तर रिले कधीच ओढला जाणार नाही, म्हणजे इंजिन बंद असतानाही चावी चालू आहे तोवर पंप चालत राहील. अपघातात सर्वांत आधी तुटण्यासारखी वायर तीच. दुसऱ्या दिवशी आकृती फाडली. तीन टर्मिनलांचा ऑइल स्विच आणला, ज्याचा पंपाचा संपर्क प्रेशर आल्यावरच जुळतो. त्याची वायर तुटली तर पंप बंद होतो, गाडी रस्त्यात उभी राहते. उभी राहिलेली गाडी चालेल. जोडीला धक्का बसल्यावर सुटणारा इनर्शिया स्विचही घातला.

प्रत्यक्ष काम

वायर घेताना पहिला वाद झाला. घरगुती फिटिंगची वायर हाताशी होती, स्वस्तही. पण तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं. गाड्यांसाठीची पातळ इन्शुलेशनची एफएलआरवाय वायर १०५ अंश सोसते, आणि बॉनेटखाली एक्झॉस्टच्या बाजूला हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. हवे ते सगळे रंग सुट्या मापात मिळेनात. तेव्हा पॅनेलच्या धंद्यातली सवय कामी आली: रंग मोजकेच ठेवले, कायम चालू असलेल्याला लाल, चावीवरच्याला पिवळा, दिव्यांना निळा, अर्थिंगला काळा, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराचे फेरूल (छोट्या नळ्या) घातले. एकूण ४६ वायरी, एक ते शेहेचाळीस.

गाडीत सुतळी फिरवून प्रत्येक फांदीची लांबी घेतली. गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चारचं प्लायवूड टाकून त्यावर ती आकृती पूर्ण मापाने काढली आणि फाटे फुटतात तिथे खिळे ठोकले. वायरी त्या खिळ्यांमधून पसरल्यावर हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, पहिल्यांदा डोळ्यांना दिसला, झाडाच्या मुळांसारखा.

टर्मिनलांना सोल्डर करायचं की क्रिंप (पकडीने दाबून घट्ट बसवणं), यावर गॅरेजमधल्या वस्तादांशी माझी दीर्घ चर्चा झाली. त्यांची सगळी हयात सोल्डरवर गेलेली. सोल्डर चांगलाच धरतो, पण तो वायरीच्या तारांतून वर चढतो आणि जिथे संपतो तिथे वायर कडक काडी होते. गाडीच्या थरथरीत ती तिथेच तुटते. मी रॅचेटवाल्या पकडीने क्रिंप करायचं ठरवलं, पण वस्तादांच्या शंकेला मान देऊन परीक्षा घेतली. दीड स्क्वेअरच्या क्रिंपला भाजीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढलं. पंधरा किलोपर्यंत सुटता कामा नये. पहिल्या दहांपैकी तीन बारा-तेराला सुटले. मी पकडीचा चुकीचा खाचा वापरत होतो. खाचा बदलल्यावर दहाच्या दहा टिकले. वस्ताद म्हणाले, "आता बरोबर. मोजून दाखवलंस, मानलं." हा अर्धा तास घालवला नसता तर सगळा हार्नेस तसल्या क्रिंपांवर गेला असता.

अर्थिंगसाठी बॉडीवर चार जागा ठरवल्या. प्रत्येक जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. इंजिन ते बॉडी १६ स्क्वेअरची नवी पट्टी. अल्टरनेटर ते बॅटरी १० स्क्वेअर, बॅटरीशी ६० चा मुख्य फ्यूज.

अडलेल्या दोन जागा

हार्नेस गाडीत बसवताना स्टीअरिंगच्या कॉम्बिनेशन स्विचची फांदी नऊ सेंटिमीटर आखूड पडली. सुतळी फिरवली तेव्हा डॅशबोर्ड काढलेला होता, आणि वायरींना डॅशबोर्डच्या चौकटीला वळसा घालून जावं लागतं हे सुटलं. त्या फांदीत सात वायरी. मालक थकले होते, म्हणाले, "सात जोड मारू, नीट स्लीव्ह घालू, कोण बघतंय?" मलाही क्षणभर पटलं. पण हे सात जोड डॅशबोर्डमागे, हाताने चाचपता न येणाऱ्या जागी आले असते. टेप सोलून साती वायरी पुन्हा ओढल्या. दोन रविवार गेले.

दुसरी अडचण पहिल्या स्टार्टला आली. इंजिन लगेच चालू झालं, पण अल्टरनेटर चार्जिंग देईना. बॅटरीवर १२.४ वरच काटा. इंजिन जोरात रेस केलं की एकदम १४ वर जायचं. तासभर अल्टरनेटरवर संशय घेतल्यावर कारण सापडलं: मीटरमधला चार्जिंगचा लाल दिवा मालकांनी हौसेने एलईडीचा केला होता. या प्रकारच्या अल्टरनेटरला सुरुवातीला चुंबकत्व धरायला थोडा करंट लागतो आणि तो त्याच दिव्यातून येतो. तीन वॅटचा जुना बल्ब तो देतो, एलईडी देत नाही. एलईडीला समांतर ६८ ओहमचा रेझिस्टर लावला तरी काम झालं असतं. पण टेपमागे दडलेला रेझिस्टर पुढच्या माणसाला दिसणार नाही, बल्ब दिसेल. जुना बल्ब परत लावला. रेस न करता १३.९ व्होल्ट आले.

निकाल

इंजिन चालू, बॅटरीवर १३.९, हेडलाइटच्या पिनांवर १३.६. अर्ध्या तासाने डॅशबोर्डच्या स्विचला हात लावून पाहिला, गार. सगळी आकृती, फ्यूजची यादी आणि वायरींचे नंबर एका कागदावर छापून लॅमिनेट केले आणि ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून लावले. सुटे दोन फ्यूज तिथेच.

चौदा महिन्यांनी, पुन्हा रात्री, पुन्हा कराडच्या बाजूला, डिपर मारल्याबरोबर दोन्ही हेडलाइट गेले. अपर (लांबचा झोत) चालू होता, त्यावर मालक हळूहळू गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत पोचले. त्या मुलाने ही गाडी आधी कधी पाहिली नव्हती. ग्लोव्ह बॉक्स उघडून त्याने कागद वाचला, २७ नंबरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, डिपरचा रिले आतून गेल्याचं ओळखलं आणि हॉर्नचा रिले काढून तिथे बसवला. सातही रिले एकाच जातीचे होते. वेळ लागला दहा मिनिटं. मालकांनी रात्रीच मला फोन करून हे सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

डाव्या-उजव्या बल्बला वेगळे फ्यूज दिल्याचं मला समाधान होतं, पण दोघांचा रिले एकच ठेवला होता. पेट्रोल पंपाच्या वायरींवर बोट ठेवून विचारलेला प्रश्न मी हेडलाइटला विचारलाच नाही. आता डिपरला दोन रिले आहेत, एका बाजूला एक. तो बदल एका दुपारचा होता, आराखड्याच्या वेळी पाच मिनिटांचा असता.

सुतळीचं माप डॅशबोर्ड, सीट, स्टीअरिंग सगळं जागेवर ठेवूनच घ्यायला हवं, आणि हार्नेसवर टेप गाडी किमान पंधरा दिवस चालल्यानंतर. तोवर नुसते पट्टे बांधून चालवावी. आम्ही घाईने टेप आधी मारली आणि सात वायरींसाठी ती सोलावी लागली. अर्थिंगला सगळीकडे काळी वायर घेतली तेही आता खटकतं, कारण चारपैकी कुठल्या जागेची कोणती हे नंबर वाचल्याशिवाय कळत नाही. काळ्यावर रंगीत रेघ असलेली वायर शोधायला हवी होती.

गाडी परत आली तेव्हा ग्लोव्ह बॉक्समधला कागद मी पाहिला. लॅमिनेशनवर पेन चालत नाही म्हणून त्या मुलाने मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं होतं: तारीख, "हॉर्नचा रिले डिपरला लावला, हॉर्न बंद आहे, नवा टाका", आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. रिलेच्या बदलानंतर कागद नव्याने छापला तेव्हा उजव्या कडेला दोन इंचांची पट्टी कोरी सोडली, ती लॅमिनेट न करता, बॉलपेनने लिहिता येईल अशी. पहिली ओळ त्याचीच उतरवून घेतली आहे.